हुबेक्जेच्या राजाची गोष्ट ऐकत लिवापर्यंत

यूएईच्या नॅशनल डेच्या सुट्टीत आमचं अबू धाबीहून मस्कतला जायचं जवळपास ठरलं होतं. हॉटेल पाहून ठेवलं होतं, गाडीचा ओमानचा इन्शुरन्स तेवढा काढायचा राहिला होता. अशात एका संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधले यून साहेब दारात येऊन उभे राहिले आणि नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "नितीन भाई, लिवा जाने का है. कोई अच्छा ड्रायव्हर मालूम?"

यून साहेब कोरियन. सत्तरी ओलांडलेले, बारीक चणीचे, घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं पाण्याच्या लोखंडी टाक्या बनवायचं वर्कशॉप होतं. आपल्याकडच्या आणि पाकिस्तानी वेल्डरांबरोबर जन्म काढल्यामुळे त्यांचं हिंदी त्यांच्या इंग्लिशपेक्षा बरं. आमच्या घरात त्यांचं खरं सख्य सानिकाशी. माझी ही लेक सोळा वर्षांची. कोरियन मालिका बघून बघून भाषा शिकली आणि सराव कुणावर करायचा, तर समोरच्या आजोबांवर. ती त्यांना हाराबोजी म्हणते, म्हणजे आजोबाच. मी मराठीत विचारलं तर मला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी ही मुलगी त्यांच्याशी तासन् तास कोरियनमध्ये बोलत बसते.

"लिवाला काय आहे?" मी विचारलं.

"बडा बेटा," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. इतक्या वर्षांच्या शेजारात आम्हाला त्यांचा एकच मुलगा माहीत होता. तो शुक्रवारी यायचा, वर्कशॉप सांभाळायचा. मग वर्कशॉप विकलं आणि तो कॅनडाला गेला. थोरल्याचं नावही कधी निघालं नव्हतं.

यून साहेबांनी मग उभ्या उभ्याच सांगितलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी हायवेवर गाडी चालवायला मनाई केलेली. जानेवारीत ते कायमचे कोरियाला परत जाणार. "उस के बाद इधर मेरा खलास. एक बार उस को देखने का है."

नितीन म्हणाला, "बघतो कुणी मिळतं का." तेवढ्यात आतून सानिकाचा आवाज आला, "बाबा, वी आर टेकिंग हिम, राइट?"

मस्कत राहिलं ते असं.

*

ज्यांना लिवाला जायचंय त्यांच्यासाठी आधी रस्त्याचं सांगते. अबू धाबीहून पश्चिमेला सौदी सीमेकडे जाणारा मोठा हायवे धरायचा, तरीफच्या पुढे डावीकडे मदिनत झायदकडे वळायचं आणि तिथून सरळ दक्षिणेला मेझेराच्या गावापर्यंत. लिवा म्हणजे एक गाव नाही. वाळवंटाच्या कडेने चंद्रकोरीसारखी पसरलेली खजुराच्या बागांची माळ आहे, आणि मेझेरा हे त्यातलं मुख्य ठाणं. आरामात थांबत गेलात तर तीन-सव्वातीन तास. दुबई-शारजाहून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, अबू धाबीत पाटीवरचा वेग म्हणजे तोच वेग. तुमच्याकडच्यासारखी वर वीस किलोमीटरची सूट नाही. टाकी फुल करायला दीडशे दिरहम लागले, म्हणजे आपले साडेतीन हजारांच्या वर. (इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी हा गुणाकार तोंडातून निघतोच.)

निघालो त्या सकाळी धुकं होतं. डिसेंबरात इथे असं धुकं पडतं की पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसतात. रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांवरची वेगमर्यादा आपोआप ऐंशीवर आली होती. सगळ्या गाड्या रांगेने, शहाण्या मुलांसारख्या. यून साहेब पुढे नितीनशेजारी बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

शेवटी सानिकानेच विषय काढला. "हाराबोजी, तुमचं नोनसान म्हणजे तेच ना, जिथे ग्यॉन ह्वॉनची कबर आहे?" हे तिने कोरियनमध्ये विचारलं आणि मग माझ्यासाठी इंग्लिशमध्ये पुन्हा सांगितलं.

यून साहेब वळले. "तेरे को कैसे मालूम?"

तिला अर्थातच एका मालिकेवरून मालूम होतं.

नोनसान हे त्यांचं गाव, दक्षिण कोरियातलं. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. गावाबाहेरच्या टेकाडावर हिरवळीने झाकलेला मातीचा मोठा उंचवटा आहे, ती या राजाची कबर. लहानपणी ते तिथे घसरगुंडी खेळायचे आणि त्यांचे वडील ओरडायचे, राजाच्या पोटावर नाचू नका.

मग त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. थोडी हिंदीत, थोडी इंग्लिशमध्ये, अडलं की सानिकाला कोरियनमध्ये. मी इथे माझ्या शब्दांत देते.

साधारण अकराशे वर्षांपूर्वी सगळ्या कोरियावर सिल्ला नावाचं एकच राज्य होतं. जुनं, दमलेलं. दरबार मौजेत आणि गावांत सारा वसूल करणाऱ्यांनी लोकांना पिळून काढलेलं. त्या काळात एका शेतकऱ्याच्या घरी हा ग्यॉन ह्वॉन जन्मला. आई शेतावर भाकरी द्यायला गेली, बाळ झाडाखाली ठेवलं, तर म्हणे वाघीण येऊन त्याला दूध पाजून गेली.

"खरं?" नितीनने विचारलं.

"हमारे गाँव में सब को मालूम," यून साहेब म्हणाले. हे उत्तर नितीनला पटलेलं दिसलं.

मुलगा मोठा झाला, सैन्यात गेला, नैर्ऋत्येच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला राहिला. भाला उशाशी घेऊन झोपायचा अशी त्याची ख्याती. राज्य खिळखिळं झालंय हे त्याने ओळखलं. तो उठला आणि माणसं त्याच्यामागे निघाली. त्या भागात फार पूर्वी बेक्जे नावाचं राज्य होतं, ते सिल्लाने बुडवलेलं. लोकांच्या मनात ती सल पिढ्यान् पिढ्या राहिलेली. त्याने सांगितलं, मी तुमचं बेक्जे परत उभं करतो. इसवी सन ९००च्या सुमारास जॉन्जू शहरात राजधानी केली. इतिहासात त्या राज्याला हुबेक्जे म्हणतात, म्हणजे नंतरचं बेक्जे.

"चांगला राजा होता का?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "लढाई में नंबर वन. अच्छा... मालूम नहीं, सिस्टर." सिल्लाच्या राजधानीत घुसून त्याने ती लुटली, तिथल्या राजाला स्वतःचा जीव घ्यायला लावला. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. आपल्याच घरातल्या कुणाबद्दल सांगताना जातो तसा.

तरीफच्या अलीकडे पंपावर करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा घेतला, दोन दिरहमला कप. धुकं विरत चाललं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंटांसाठी घातलेली कुंपणं दिसायला लागली होती. यून साहेबांनी चहा अर्धाच प्यायला.

*

मदिनत झायदला जेवलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक केरळी हॉटेल आहे, पाटी जुनी, टेबलं स्वच्छ. परोटा, डाळ, माशाचं कालवण. चौघांचे सत्तर दिरहम झाले आणि वर पायसम फुकट मिळालं, राष्ट्रीय दिनाचं. तिथून पुढे रस्ता बदलतो. वाळूचा रंग पांढुरक्यावरून तांबूस होत जातो, टेकड्या मोठ्या व्हायला लागतात आणि एका वळणानंतर एकदम खाली खजुरांचं हिरवं दिसतं. फोटोसाठी थांबायचं तर त्याच वळणावर थांबा.

गोष्टीचा उरलेला भाग या टप्प्यात झाला.

राजाला पुष्कळ मुलं होती. थोरला शिनगॉम. तो आणि त्याच्या पाठचे दोघे बापाबरोबर लढायांत वाढले. पण बापाचा जीव चौथ्यावर, गुमगांगवर. तो उंच होता, बुद्धीने तेज होता. म्हातारपणी राजाने ठरवलं, गादी चौथ्याला द्यायची. तोवर उत्तरेत गोर्यो नावाचं दुसरं राज्य जोर धरत होतं, त्याचा राजा वांग गॉन. दोघांत वर्षानुवर्षं लढाया चाललेल्या. अशा वेळी घरातच आग लागली. थोरल्याने गुमगांगला मारलं, बापाला डोंगरातल्या एका बौद्ध मठात कोंडलं आणि स्वतः गादीवर बसला.

"मग?" सानिकाला माहीत होतं, तरी तिने विचारलं.

मग म्हाताऱ्या राजाने पहारेकऱ्यांना दारू पाजली आणि निसटला. गेला कुठे, तर वांग गॉनकडे. जन्मभराच्या शत्रूकडे. वांग गॉनने त्याला वडिलांसारखा मान दिला, राहायला वाडा दिला. आणि दुसऱ्याच वर्षी म्हाताऱ्याने त्याला म्हटलं, सैन्य दे, माझ्या मुलावर चालून जायचंय. दोन्ही सैन्यं समोरासमोर आली. हुबेक्जेच्या सरदारांनी पाहिलं, शत्रूच्या बाजूला घोड्यावर आपला जुना राजा. कित्येकांनी शस्त्रं खाली ठेवली. शिनगॉम शरण आला. राज्य बुडालं. ज्याने उभं केलं त्यानेच बुडवलं, एका माणसाच्या हयातीत.

"आणि मुलाला मारलं का?" नितीनने विचारलं.

"नहीं. वांग गॉन ने माफ किया." यून साहेब समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "बाप... थोडा दिन में मर गया. पीठ पे फोड़ा. किताब में लिखा है, मन का दुख से." मरताना त्याला जॉन्जूची आठवण येत होती, म्हणून जिथून तिकडचे डोंगर दिसतात तिथे त्याला पुरलं असं गावात सांगतात.

नितीनने विनाकारण एसी कमी केला.

*

थोरल्या मुलाचं नाव दोंगसू. मेझेराच्या पुढे बागांच्या मधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या शेवटी त्याची ग्रीनहाऊसं होती. पांढरी, लांबलचक, मागे लगेच वाळूचा डोंगर. तो बाहेरच उभा होता. चाळिशी उलटलेला, रापलेला, डोक्यावर टोपी. आम्ही येतोय हे त्याला फोनवर सानिकाने सांगितलं होतं. वडिलांनी नंबर दिला होता, बोलले नव्हते.

तो कमरेत वाकला. यून साहेबांनी मान हलवली. दोघांमध्ये दोन पावलांचं अंतर राहिलं आणि ते कुणीच कमी केलं नाही. मग दोंगसू माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये म्हणाला, "लांबचा प्रवास झाला तुमचा. चला, आधी आत दाखवतो."

आत गेलो आणि मी थबकले. वाळवंटाच्या पोटात स्ट्रॉबेरी. कमरेच्या उंचीवर लांबच लांब पन्हळी, त्यात नारळाचा भुसा, त्यात रोपं, आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी लालबुंद फळं. एका टोकाला भिंतभर ओले पॅड, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे, आपल्या कूलरसारखंच, फक्त अजस्र. गार ओलसर हवा, मातीचा नसला तरी शेताचा वास. सानिकाने एक तोडून खाल्ली, तर तिची हनुवटी लाल झाली.

दोंगसूने सगळं मनापासून दाखवलं. बोलता बोलता त्याची हकीकतही कळली. तो नोनसानमध्ये आजोबांजवळ वाढला, कारण वडील इकडे आखातात. स्ट्रॉबेरी आजोबांनी शिकवली. विशीत वडिलांनी बोलावलं म्हणून मुसफ्फात आला, वर्कशॉपमध्ये वेल्डिंगपासून सगळं केलं. "मग ते धाकट्याला द्यायचं ठरलं. तो शिकलेला होता. मी इकडे आलो," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या रोपाकडे वळला. सुरुवातीला एका अरबाच्या बागेत नोकरी केली, त्यानेच मग ही जागा भागीदारीत दिली.

यून साहेब आमच्या मागून चालत होते. एका रोपाजवळ थांबून त्यांनी पान उलटून पाहिलं, परत नीट ठेवलं.

दोंगसू शेजारच्याच पोर्टा केबिनमध्ये राहतो. आमच्यासाठी त्याने स्वतः जेवण केलं होतं. टोफूचा रस्सा, भात, बागेतली वांगी परतून, किमची म्हणजे त्यांचं कोबीचं आंबट-तिखट लोणचं. सूर्य नुकताच वाळूआड गेला होता. सगळे बसलो, वाढून झालं, पण दोंगसूने चमचा उचलला नाही. सानिका माझ्या कानात म्हणाली, "ही इज वेटिंग फॉर हाराबोजी टू स्टार्ट." जो मुलगा बापाशी एक शब्द बोलला नव्हता, तो बापाच्या पहिल्या घासाची वाट बघत होता. यून साहेबांनी रश्श्याचा घोट घेतला, तेव्हा तो जेवायला लागला.

रश्श्यात भात कालवत सानिका म्हणाली, "हाराबोजींनी आम्हाला येताना ग्यॉन ह्वॉनची गोष्ट सांगितली."

दोंगसूने मान वर केली. "शिनगॉमची सांगितली?"

"तीच ना ती? बॅड सन."

"बॅड सन," तो म्हणाला. रागाने नाही. "तो थोरला. बापाच्या प्रत्येक लढाईत बरोबर. तरुणपण सगळं घोड्यावर गेलं. मग एक दिवस कळतं की गादी चौथ्याला. हे पुस्तकात एका ओळीत असतं."

यून साहेब कोरियनमध्ये काहीतरी म्हणाले. दोंगसूने त्याच भाषेत उत्तर दिलं. आवाज चढले नाहीत, पण जेवण थांबलं. सानिका हळूहळू सांगत राहिली, म्हणून मला ते असं कळलं.

"चौथा हुशार होता."

"होता. उंचही होता."

"थोरल्याने भावाचा जीव घेतला."

"घेतला. ते वाईटच केलं. मी एवढंच म्हणतो, ठरवायच्या आधी बापाने त्याला एकदा बोलावून विचारायला हवं होतं."

"राजे विचारत नाहीत."

"म्हणून राज्य गेलं," दोंगसू म्हणाला.

नितीन ताटाकडे बघत होता. मीही. यून साहेबांनी पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला, तो रिकामा होता. दोंगसूच्याही ते लक्षात आलं. तो उठला, वडिलांचा पेला उचलला, पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर ठेवला.

मेझेराच्या हॉटेलवर परतताना गाडीत सानिका मला म्हणाली, "आई, दे वेअरन्ट टॉकिंग अबाउट द किंग." मी म्हटलं, "हो गं, कळलं मला." हॉटेलचं म्हणाल तर साधं, स्वच्छ, खोलीला साडेतीनशे दिरहम, म्हणजे आठ हजारांच्या पुढे. सुट्टीत आधी सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. यून साहेब शेजारच्या खोलीत होते. त्यांना वाटलं असतं तर मुलाकडे राहता आलं असतं. मुलाने म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

*

सकाळी नाश्त्याला यून साहेब नितीनला म्हणाले, "तुम लोग मोरीब देखो. मेरे को उधर छोड़ दो."

त्यांना ग्रीनहाऊसच्या दारात सोडलं. दार उघडून ते एकटेच आत गेले. मी गाडीतून मागे बघत राहिले.

तल मोरीब, म्हणजे लिवाचा तो प्रसिद्ध वाळूचा डोंगर. मेझेराहून तिथवर चांगला डांबरी रस्ता आहे, आणि तो रस्ताच खरा बघण्यासारखा. टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून वर-खाली, दर वळणावर वाळूचा रंग वेगळा, मधल्या खोलगट भागांत मिठाचे पांढरे पट्टे. डोंगराच्या पायथ्याशी तंबू, मोटारींचा घरघराट, पोरं गाड्या वर चढवायचा प्रयत्न करत होती. सानिका निम्म्यापर्यंत चढली आणि बसून खाली घसरत आली. नितीन माझ्याशेजारी बसून म्हणाला, "आपण उगाच आणलं का गं त्यांना?"

"उगाच कसं. त्यांनीच विचारलं."

"तेच. पण आता ते रडत परत आले तर?"

थंड वाळूत हात घालून बसलो थोडा वेळ, मग निघालो.

ग्रीनहाऊसपाशी आलो तर बाहेर कुणी नाही. आत शिरलो. पंखे सुरू होते. लांब, रांगेच्या टोकाशी दोघे. यून साहेबांनी बाह्या दुमडल्या होत्या, हातात छोटी कात्री. ते वाळकी पानं आणि रोपांना फुटलेले लांब धुमारे छाटत होते. पलीकडच्या रांगेत दोंगसू तेच करत होता. समोरासमोर, मध्ये रोपं. दोघांचा हात अगदी सारखा चालत होता, धुमारा दोन बोटांत धरायचा, बुडाशी कापायचा, बादलीत टाकायचा. एकाच माणसाने शिकवलेले दोन हात.

पंख्यांच्या आवाजामुळे ते मोठ्याने बोलत होते. आम्ही आलेलं त्यांना कळलं नाही. सानिका मला सांगायला लागली आणि मध्येच थांबली. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने ओठ घट्ट मिटले होते.

"काय झालं?"

"लेटर, आई."

आम्ही बाहेर आलो आणि खजुराखाली उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ते दोघे आले. यून साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर हिरवे डाग पडले होते. दोंगसूने गाडीचं पुढचं दार उघडलं, वडील बसले, तर पट्टा त्यांना सापडेना. दोंगसूने वाकून तो लावून दिला. मग खिडकीशी उभा राहून त्यांना काहीतरी म्हणाला, आणि त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

*

परतीला यून साहेब मदिनत झायद यायच्या आधीच झोपले. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. तेव्हा सानिकाने मला सांगितलं, आणि चक्क मराठीत सांगितलं. यून साहेबांना इंग्लिश कळतं आणि ते जागे असले तर ऐकतील, म्हणून. तिचं मराठी अडखळतं, शब्द शोधत शोधत येतं. मला वाटतं म्हणूनच ते जास्त लागलं.

"आधी ना, हाराबोजी म्हणाले, 'वर्कशॉप...' आणि मग काहीच नाही म्हणाले. खूप वेळ. मग दोंगसू अंकल म्हणाले, 'राहू द्या ते.' मग हाराबोजींनी विचारलं, 'मी गेल्यावर जेसा कोण करणार?'"

जेसा म्हणजे त्यांच्याकडचं श्राद्ध. दरवर्षी तिथीला गेलेल्या माणसासाठी पान वाढायचं, नमस्कार करायचा. करायचा मान थोरल्या मुलाचा.

"मग?"

"अंकल म्हणाले, 'मीच करणार. दुसरं कोण करणार? पण मेल्यावर वाढलेलं तुम्ही जेवता की नाही, मला कसं कळणार? इथली स्ट्रॉबेरी एप्रिलमध्ये संपते. मेमध्ये मी नोनसानला येतो. समोर बसून जेवा.'"

"आणि हाराबोजी?"

"ते म्हणाले, 'तिथलं शेत शेजाऱ्याने पार वाया घालवलंय. येशील तर कात्री घेऊन ये.'"

नितीनने आरशातून मागे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. हायवेला लागल्यावर ट्रकच्या गर्दीचं निमित्त करून त्याने गॉगल लावला.

*

जानेवारीत यून साहेब कोरियाला निघाले. त्यांना एअरपोर्टला आम्हीच सोडायचं ठरलं होतं. सकाळी नितीन किल्ली घेऊन बाहेर पडला तर लिफ्टमधून दोंगसू येत होता. लिवाहून धुक्यातून गाडी हाकत आलेला, बुटांना वाळू. "मी नेतो," म्हणाला. बॅगा त्यानेच उचलल्या. यून साहेबांनी आम्हा तिघांचा निरोप घेतला. नितीनचा हात हातात धरून ते म्हणाले, "नितीन भाई, अच्छा ड्रायव्हर." त्यांना हसू आलं, आम्हालाही. सानिकाने कमरेत वाकून कोरियनमध्ये निरोप दिला. तिने सांगितलं, त्या भाषेत जाणाऱ्याला 'नीट जा' म्हणतात आणि राहणाऱ्याला 'नीट राहा'. तिने एक म्हटलं, त्यांनी दुसरं.

या सहलीतून काय राहिलं, असं मी स्वतःला विचारते तेव्हा तल मोरीब फार कमी आठवतो. आठवतात त्या ग्रीनहाऊसमधल्या दोन रांगा. सानिका आता हुबेक्जेबद्दल मिळेल ते वाचते. तिला पडलेला प्रश्न असा की, शरण आलेल्या शिनगॉमची आणि बापाची त्या शेवटच्या दिवसांत भेट झाली असेल का? जुन्या बखरींत त्याबद्दल तिला काही सापडलं नाही. नितीन म्हणतो, झाली असेल. तो हे इतक्या खात्रीने म्हणतो की सानिका वाद घालत नाही. मला तितकी खात्री नाही. मला वाटतं छावण्या जवळ असतील, तंबूही दिसत असतील, आणि जायचं आधी कुणी यातच दिवस गेले असतील. मग म्हाताऱ्याकडे दिवस उरले नाहीत.

तुम्ही लिवाला जाणार असाल तर हिवाळ्यात जा, धुक्याचा अंदाज बघून निघा, आणि गाडीत एखादं म्हातारं माणूस बरोबर असेल तर गाणी जरा बंद ठेवा.

परवा सानिकाच्या मैत्रिणी घरी येणार होत्या. तिला केकवर दोंगसूच्याच बागेतली स्ट्रॉबेरी हवी होती. मे महिना लागला होता, तरी नितीनने फोन लावून पाहिला. तिथल्या बांगलादेशी कामगाराने उचलला. मी स्पीकरवर ऐकत होते.

"स्ट्रॉबेरी खलास, सर," तो म्हणाला. "बॉस भी नहीं है. बॉस कोरिया गया, बाप के पास."